अंतकाळाची तारीख सांगून पैसे उकळणाऱ्या उपदेशकापासून सावध राहा

नागपुरातील सदर, मोहननगर, मेकोसाबाग या भागांतील ख्रिस्ती कुटुंबांनी, विशेषतः घरात निवृत्त आणि एकटी माणसे असलेल्यांनी, हे वाचावे म्हणून लिहीत आहे. माझ्या आत्याबाई परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या. त्यांच्या आयुष्यभराच्या शिल्लकीतला मोठा भाग एका उपदेशकाने प्रभूच्या पुनरागमनाचे नाव सांगून काढून घेतला.

हा गृहस्थ कोणत्याही मंडळीचा पाळक नव्हता. तो घरोघरी प्रार्थनासभा घेत असे आणि सुरुवातीला अर्पणही स्वीकारत नसे, त्यामुळेच लोकांचा त्याच्यावर विश्वास बसला. पुढे युद्धांच्या आणि भूकंपांच्या बातम्या दाखवून तो बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय वाचू लागला. पण लढायांच्या बातम्या ऐकून घाबरू नका, एवढ्यात शेवट होणार नाही, हे प्रभूचे सांगणे त्याच अध्यायात आहे आणि नेमके तेच तो गाळत असे. मग बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातील श्वापदाची, म्हणजे ख्रिस्तविरोधी सत्तेची, खूण म्हणजे आधार कार्ड आणि बँकेचे खाते, असे सांगून त्याने मुदतठेवी मोडायला लावल्या. उमरेड मार्गावर निवडलेल्यांसाठी आश्रयस्थान उभारायचे आहे, आणि तिथल्या वहीत ज्याचे नाव नसेल त्याचे नाव तारण पावणाऱ्यांची नावे असलेल्या जीवनाच्या पुस्तकातही सापडणार नाही, असे तो आत्याबाईंना एकटे गाठून सांगत असे. हृदयविकार असलेल्या वृद्ध स्त्रीला न्यायाच्या दिवसाचा असा धाक घालणे मला पैसे लुबाडण्याहूनही क्रूर वाटते.

त्याच्या पावतीवर न्यासाचे नाव होते, नोंदणी क्रमांक नव्हता. आम्ही सातबारा काढला, तेव्हा ती जमीन भलत्याच शेतकऱ्याच्या नावावर निघाली. प्रभूच्या येण्याची त्याने सांगितलेली तारीख उलटल्यावर, तुमचा विश्वास कमी पडला म्हणून देवाने मुदत वाढवली, असे म्हणून त्याने आणखी अर्पण मागितले; नंतर त्याचा फोन लागेनासा झाला.

अशा तारखा पूर्वीही दिल्या गेल्या आहेत. अमेरिकेत उपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 रोजी प्रभूची वाट पाहिली, आणि काहींनी तर शेतातले पीकही काढले नव्हते. मिलर निदान प्रामाणिक होते. दक्षिण कोरियातील उपदेशक ली जांग रिम याने मात्र 28 ऑक्टोबर 1992 ही तारीख दिली, अनुयायांनी नोकऱ्या सोडून मालमत्ता विकल्या, आणि त्याच्याजवळ मात्र त्या तारखेनंतर मुदत पूर्ण होणारे रोखे सापडले. फसवणुकीबद्दल त्याला तुरुंगवास झाला. आमच्या उपदेशकाने वर्धा मार्गावर स्वतःसाठी सदनिका नोंदवली होती, आणि तिचा ताबा मिळणार होता जगाच्या अंतानंतर!

प्रभू पुन्हा येईल आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील, हे आपण उपासनेत कबूल करतो आणि माझाही त्यावर पूर्ण विश्वास आहे. परंतु तो दिवस आणि ती घटका देवदूतांनाही ठाऊक नाही, केवळ पित्याला ठाऊक आहे, हे प्रभूनेच सांगितले आहे (मत्तय 24:36). शिष्यांनी विचारले तेव्हाही, काळ व समय जाणणे तुमच्याकडे नाही, असेच उत्तर मिळाले (प्रेषितांची कृत्ये 1:7). मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाचे वर्णन आहे, त्यात राजा विचारतो ते भुकेल्याला अन्न दिले का, तान्हेल्याला पाणी दिले का, आजाऱ्याची काळजी घेतली का, एवढेच. जिने रुग्णालयाच्या वॉर्डात रात्रपाळ्या करून परक्यांच्या जखमा धुतल्या, त्या बाईला हा माणूस जीवनाच्या पुस्तकाची भीती दाखवत होता, याचा मला अजूनही संताप येतो.

आम्ही पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे; भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणुकीची तरतूद आहे. कोणी धार्मिक न्यासाच्या नावाने पैसे मागितल्यास त्याची नोंदणी धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात तपासून घ्यावी, आणि जमीन दाखवल्यास सातबारा पाहावा. उमरेड मार्गावरील आश्रयस्थानासाठी ज्यांनी रक्कम दिली असेल, त्यांनी पावत्या, बँकेच्या नोंदी आणि फोनवरील संदेश जपून ठेवून आपली तक्रार लवकरात लवकर नोंदवावी. आत्याबाईंप्रमाणे संकोचाने गप्प बसलेली आणखी काही कुटुंबे आहेत, हे आम्हाला कळले आहे.