संक्रमण शिबिर की दरमहा भाडे?

मुंबई शहरातील उपकरप्राप्त इमारत (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी, भाडेकरूंची इमारत) पुनर्विकासाला निघाली, किंवा पावसाळ्यापूर्वीच्या सर्वेक्षणात अतिधोकादायक ठरली, की नव्या घराच्या क्षेत्रफळावर घरोघरी चर्चा रंगते. मधली काही वर्षे कुठे काढायची, हे मात्र नोटिशीची मुदत संपत आल्यावर घाईघाईत ठरते. संक्रमण शिबिरातील, म्हणजे तात्पुरत्या निवासाच्या वसाहतीतील, गाळा घ्यावा, की विकासकाकडून दरमहा भाडे घेऊन आपले घर आपण शोधावे, असे दोन मार्ग बहुधा समोर असतात. आमच्या इमारतीत आम्हा दोघा भावांच्या वेगवेगळ्या खोल्या होत्या. मी शिबिर निवडले आणि थोरल्या भावाने भाडे, त्यामुळे दोन्हीकडचे जगणे मी जवळून पाहिले आहे.

भाड्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. मुलांची शाळा, नोकरीचे ठिकाण आणि वृद्धांचा नेहमीचा डॉक्टर सांभाळून वस्ती निवडता येते. दादाने सुरुवातीला लालबागमध्येच जागा मिळवली होती. शिबिरातील गाळा साधारण दोनशे चौरस फुटांच्या आसपास असतो, आणि तो सायनच्या प्रतीक्षानगरात मिळेल की थेट मालवणीत, हे आपल्या हातात फारसे नसते. काही शिबिरांच्या इमारती स्वतःच मोडकळीला आल्या आहेत. शिवाय मूळ भूखंड अरुंद असल्याने किंवा आरक्षणात गेल्याने जी कुटुंबे परतू शकली नाहीत, ती बृहतसूचीतून (अशा कुटुंबांना कायमची घरे देण्यासाठीच्या म्हाडाच्या यादीतून) घर मिळण्याची वाट पाहत वर्षानुवर्षे शिबिरातच राहिली आहेत. शिबिराच्या नावाने घरातली वडीलधारी माणसे धसका घेतात, तो उगीच नव्हे.

तरीही माझा कौल ठरला तो अकरा महिन्यांच्या कराराने. लग्नानंतर काही वर्षे मी भाड्याच्या घरांत काढली होती आणि तो फेरा मला पाठ होता: नववा महिना लागला की घरमालकाचा सूर बदलतो, त्याचा कोणी भाचा गावाहून यायचा असतो, मग नवी अनामत, पुन्हा दलाली, कराराची नोंदणी, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती, गॅसचा आणि बँकेचा बदललेला पत्ता. विकासकाशी झालेल्या करारातले भाडे ठरलेले असते आणि बाजारातले चढत जाते. मधला फरक आपल्या खिशातून जातो. दादा लालबागहून करी रोडला आणि तिथून डोंबिवलीला गेला, आणि दर वेळी वहिनींनी अर्धे खोके बांधलेलेच ठेवले. पुढे विकासकाचे धनादेश उशिरा येऊ लागले, पण घरमालकाची पाच तारीख काही हलली नाही.

शिबिरात हा फेरा नाही. दुसरे म्हणजे, आमची बरीच कुटुंबे एकाच आवारात राहिल्याने पुनर्विकासाच्या कामावर सर्वांची नजर राहिली. काम रेंगाळले की संध्याकाळी जिन्यात बैठक भरायची आणि सकाळी अर्जावर सह्या तयार असायच्या. विरार-बदलापूरपर्यंत पांगलेल्यांना याच गोष्टीसाठी रविवारची वाट पाहावी लागे.

अर्थात सर्वांची परिस्थिती सारखी नसते. भाडे शासकीय यंत्रणा देणार असेल, जसे मुंबईतल्या जुन्या सरकारी बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात म्हाडाने दरमहा २५ हजार रुपये दिले, तर पारडे बरेच सावरते. घरी अंथरुणाला खिळलेले माणूस असेल किंवा मूल दहावीला असेल, तर जवळच्या भाड्याच्या घराला मी नावे ठेवणार नाही. मात्र अशा वेळी शक्य तितके भाडे आगाऊ घ्यावे, उरलेल्या काळाचे पुढील तारखांचे धनादेश घ्यावेत आणि भाडेवाढीचे कलम करारात घालून घ्यावे. एवढे मिळत नसेल, तर मी शिबिराकडेच झुकेन.

मार्ग कोणताही घ्या, किल्ली देण्यापूर्वी पात्र भाडेकरूंच्या यादीत आपले नाव आणि खोलीचे क्षेत्रफळ बरोबर नोंदले आहे का ते पाहा, आणि जुन्या भाडेपावत्या, वीजबिले व रिकामे करण्याच्या नोटिशीची प्रत एकत्र ठेवा. धोकादायक म्हणून महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, पण तो सिद्ध करताना हेच कागद मागितले जातात.