खिशातला ईसीजी, नऊ महिने वापरून

कंपनीचं नाव लिहिणार नाही. अशी तीन-चार यंत्रं बाजारात आहेत, सगळ्यांचं काम साधारण एकसारखंच. च्युइंगमच्या पाकिटाएवढी एक पट्टी, तिच्यावर धातूच्या दोन चकत्या. दोन्ही हातांची बोटं त्यांवर टेकवायची, अर्धा मिनिट हलायचं नाही, की मोबाइलवर हृदयाचा आलेख उमटतो. दसऱ्याला घेतलं, दहा हजारांच्या आसपास पडलं.

सहा वर्षं मला अधूनमधून धडधड व्हायची. जिना चढल्यावर होते तशी नाही. फळ्यावर गणित सोडवताना, घरी भांडी लावताना, कुणीतरी बटण दाबावं तशी छाती पळायला लागायची. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास, आणि मग तशीच खटकन थांबायची. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजी चार वेळा काढला, चारही वेळा नॉर्मल. होल्टर दोनदा लावलं, चोवीस तास तारा अंगावर घेऊन वर्गावर गेले. त्या दिवशी हृदय इन्स्पेक्शनच्या दिवशी वर्ग वागतो तसं वागलं. एका डॉक्टरांनी थायरॉइड तपासलं, ते योग्यच होतं. दुसऱ्यांनी वय विचारलं, मी ४९ म्हटलं, आणि निदान तिथल्या तिथे झालं. "मॅडम, या वयात होतं असं. टेन्शन घेऊ नका, सकाळी फिरायला जात जा." फिरायला मी रोज तळजाईवर जातेच.

डिसेंबरात फुले मंडईत मटारची पिशवी उचलायला वाकले आणि सुरू झालं. पायरीवर बसकण मारली, पर्समधून यंत्र काढलं. आलेखाची पहिली पट्टी हात थरथरल्यामुळे वाया गेली, दुसरी नीट आली. भाजीवाली मावशी पाण्याची बाटली घेऊन "ताई, चक्कर आली का?" करत उभी, आणि मोबाइल म्हणतोय, या आलेखाचं वर्गीकरण करता येत नाही. दहा हजार देऊन हे ऐकायचं! मावशीचं निदान निदान मराठीत तरी होतं.

घरी येऊन पट्टी मोठी करून पाहिली. गणिताची शिक्षिका आहे, ग्राफपेपर दिसला की मोजल्याशिवाय राहवत नाही. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो असं धरलेलं असतं. म्हणजे एक बारीक घर ०.०४ सेकंदाचं, आणि मिनिटाची घरं १५००. माझ्या आलेखातल्या दोन उंच टोकांमध्ये, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये, आठ घरं. १५०० भागिले ८, म्हणजे मिनिटाला १८७.५ ठोके. पुढच्या टोकापर्यंत पुन्हा आठ. त्यापुढे पुन्हा आठ. २२० वजा वय हा ढोबळ हिशेब लावला तरी ५२ व्या वर्षी जीव तोडून पळताना १६८ येतात. मी पायरीवर बसले होते.

ही पट्टी घेऊन नवऱ्याने मला हृदयाच्या ठोक्यांच्या तज्ज्ञाकडे नेलं. त्यांना इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट म्हणतात. नवरा 'वायरमन डॉक्टर' म्हणतो. त्यांनी यंत्राचा शेरा वाचलासुद्धा नाही. आलेख पाहिला आणि तीन प्रश्न विचारले. थांबतं ते हळूहळू की एकदम? त्या वेळी मानेत, गळ्यापाशी ठोके जाणवतात का? थांबल्यावर लघवीला खूप होते का? तिन्हींची उत्तरं माझ्याकडे सहा वर्षं तयार होती, विचारलं कुणी नव्हतं. तिसऱ्याचा संबंध हृदयाशी असेल हे तर मलाही सुचलं नव्हतं. ठोके पळतात तेव्हा हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि एक हार्मोन सोडतात, ते मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायला लावतं.

आजाराचं नाव एव्हीएनआरटी. वरच्या कप्प्यांतून खाली विजेचा संदेश जातो तो एव्ही नोड नावाच्या गाठीतून. सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने १९०६ मध्ये तिचं वर्णन केलं. काही जणांच्या या गाठीपाशी दोन वाटा असतात, एक जलद, एक संथ. एखादा ठोका वेळेआधी आला आणि जलद वाट अजून विसावा घेत असली, तर तो संथ वाटेने उतरतो आणि तोवर मोकळ्या झालेल्या जलद वाटेने उलटा वर चढतो. मग प्रदक्षिणा सुरू. माझी एक प्रदक्षिणा ०.३२ सेकंदाची, म्हणजे आठ घरं. वरचे आणि खालचे कप्पे जवळजवळ एकाच क्षणी आकुंचन पावतात, मधल्या झडपा बंद असतात, आणि वरच्या कप्प्यांतलं रक्त मानेतल्या शिरांत मागे उसळतं. गळ्यातले ठोके ते हेच. स्त्रियांमध्ये हा प्रकार पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. आणि पुष्कळ जणींना आधी 'टेन्शन'च सांगितलं जातं, हे आता नणंदेच्या भिशीतल्या बायकांशी बोलूनही कळलंय.

मग यंत्राला का ओळखता आलं नाही? त्याचा सगळा अभ्यास एट्रियल फिब्रिलेशनचा. त्यात ठोक्यांमधल्या अंतराला ताळतंत्र नसतो, वरच्या डाव्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. ते पकडणं महत्त्वाचंच आहे. पण माझ्यासारख्या एका चालीत, इतक्या वेगाने पळणाऱ्या हृदयापुढे ॲप हात वर करतं. म्हणून माझे तारे वेगवेगळे: आलेखाला पाच, आलेखाखाली छापलेल्या शेऱ्याला दोन.

वापरायच्या खुब्या. थंडीत बोटं कोरडी पडतात, तेव्हा किंचित ओलं बोट लावा. कोपरं टेबलावर टेका. मोबाइल चार्जिंगला असताना काढू नका, रेघ केसाळ येते. शेजारी मिक्सर चालू असेल तरी तेच. नाण्यासारखी बॅटरी असते, माझी अजून पहिलीच चालू आहे. आणि पट्टी काढल्याबरोबर पीडीएफ करून स्वतःला व्हॉट्सॲप करा, कारण महिन्यापेक्षा जुन्या पट्ट्या ॲपमध्ये बघायच्या तर वर्गणी मागतात. माझ्याच हृदयाचा आलेख मला भाड्याने! कस्टमर केअरला दोनदा लिहिलं, दोनदा एकच उत्तर आलं.

डॉक्टरांनी सुरुवातीला गोळी दिली, तिने मला दिवसभर पेंग यायची. सोबत एक युक्ती शिकवली, ती मात्र फुकटची. १० मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजमध्ये, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं, लगेच आडवं व्हायचं आणि दुसऱ्याने पाय उचलून धरायचे. इंग्लंडमध्ये २०१५ साली याची चाचणी झाली होती: नुसतं बसून फुंकल्यावर १७ टक्के लोकांचे ठोके ताळ्यावर आले, आडवं करून पाय वर धरल्यावर ४३ टक्के. (आधी डॉक्टरांकडून शिकून घ्या, इथे वाचून करू नका.) माझं जानेवारीत दोनदा जमलं. एकदा नवऱ्याने पाय सोडल्या सोडल्या मी पट्टी काढली. टोकांमध्ये वीस घरं, आणि प्रत्येक टोकाआधी एक छोटी टेकडी, जिला पी म्हणतात. पळताना ती टोकातच बुडालेली असते, म्हणून दिसत नाही. पी, क्यू, आर ही अक्षरं आइंटहोवेन या डच शास्त्रज्ञाने दिली, त्याच कामासाठी १९२४ चं नोबेल मिळालं. आणि उजव्या हातापासून डाव्या हातापर्यंतची हीच रेघ त्याने पाण्याच्या बादल्यांत हात बुडवून घेतली होती. आपण चकत्यांवर बोटं टेकवतो, एवढाच फरक.

फेब्रुवारीत मात्र फुंकूनही थांबलं नाही. कॅज्युअल्टीत शिरेतून ॲडेनोसिन दिलं, आधी ६ मिलिग्रॅम, मग १२. दुसऱ्या वेळी काही सेकंद असं वाटलं की संपलं सगळं. छाती आवळली, डोळ्यांपुढे नवरा लांब गेला. मग ठोके परतले. त्या औषधाचा अंमल काही सेकंदांचाच असतो, पण ते सेकंद विसरता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी अब्लेशनला हो म्हटलं.

मार्चमध्ये झालं. जांघेतल्या शिरेतून तारा हृदयात, संथ वाट शोधून तिला चटका. ९५ टक्क्यांहून जास्त जणांना कायमचं बरं वाटतं, आणि शंभरात एकापेक्षाही कमी जणांत मुख्य वाटेलाच इजा होऊन पेसमेकर लागतो, हे त्यांनी आधी सांगितलं होतं. एक रात्र दवाखान्यात, आठ दिवस जिना टाळला. यावर मोठं लिहिण्यासारखं काही नाही. भूल हलकी होती, मी छताच्या फरशा मोजत होते.

खरा त्रास नंतर, आणि तो यंत्रानेच दिला. मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटायचा, की मी पट्टी काढायचे. एप्रिलमध्ये एका दिवशी अकरा काढल्या. डॉक्टरांना पाठवल्यावर त्यांचं उत्तर: "हे सुटे ठोके बहुतेकांना पडतात. तुम्हाला आता दिसतात, एवढंच. पळायला लागलं तरच काढा." यंत्र महिनाभर सासूबाईंच्या कपाटात होतं. स्वभाव काळजीखोर असेल तर घ्यायच्या आधी हा परिच्छेद परत वाचा.

आणखी एक. सोसायटीत बातमी पसरते. मे महिन्यात खालचे काका रात्री आले, "छातीत दुखतंय गं, जरा तुझ्या मशीनवर बघ." मी यंत्र काढलंच नाही, १०८ ला फोन केला. या पट्टीत हृदयाची एकच बाजू दिसते. हार्ट अटॅक असूनही ती स्वच्छ येऊ शकते. काकांना त्याच रात्री स्टेंट बसला. काकू अजून म्हणतात, मशीन असून लावलं नाही हिने.

गेल्या रविवारी भाचीबरोबर पर्वती चढले, १०३ पायऱ्या, मध्ये न थांबता. वर कठड्यावर बसून पट्टी काढली. १३२, आणि प्रत्येक टोकाआधी टेकडी. यंत्राचा शेरा आला: ठोके जलद आहेत. भाची म्हणाली, "मावशी, ते तर तुझ्या तोंडाकडे बघून मीपण सांगितलं असतं."