केबल नवी म्हणून पैसे घेतले, बोअरमध्ये सोडली जोडलेली

बोअरमध्ये मोटार एकदा सोडली की ती कुणाला दिसत नाही, आणि काही जणांचा धंदा त्यावरच चालतो. सोलापूरजवळच्या आमच्या शेतात यंदा जे झालं ते लिहितोय. ज्यांची मोटार वर काढायची वेळ आलीय, त्यांनी तरी वाचावं.

डाळिंबाचा आंबे बहार धरलेला, एप्रिलचं ऊन, आणि स्टार्टर सारखा ट्रिप व्हायला लागला. शहरातल्या एका मोटार दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं स्टार्टरजवळच केबलला मेगर (करंट बाहेर गळतोय का ते तपासणारं मीटर) लावला, काटा शून्यावर, म्हणजे गळती. "वायंडिंग गेली मालक, रिवायंडिंगच करावी लागंल." म्हणजे मोटारीतले तांब्याच्या तारेचे वेढे नव्यानं भरायचे. मोटार वर काढली, केबलसकट टेम्पोत टाकली आणि नेली.

मेख इथंच आहे. वरून मेगर लावला की केबल, जॉइंट (केबलचा जोड) आणि मोटार तिन्ही एकदमच तपासली जातात. शून्य आलं म्हणजे कुठंतरी करंट गळतोय, एवढंच कळतं. दोष मोटारीत आहे की जॉइंटमध्ये, हे ठरवायला जॉइंट तोडून मोटारीला वेगळा मेगर लावावा लागतो. तो त्यानं लावलाच नाही.

चिठ्ठीवर तीन रकमा: रिवायंडिंग, चार स्क्वेअर एमएमची नवी केबल, जॉइंट किट. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी कशाला भरताय उगाच?" जॉइंट म्हणे दुकानातच मारून आणलेला. त्याच्या पोरांनी अंधार पडता पडता मोटार सोडली आणि गेली.

पुढच्याच महिन्यात पुन्हा ट्रिप. शिवाय या खेपेला व्हॉल्व्हच्या लोखंडी पाइपला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. रात्रीच्या लाइटीला ओल्या पायानं पाणी धरणारा माणूस तिथंच उभा असतो, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

गावातल्या वायरमननं मोटार वर काढली. पाइपला केबल बांधलेल्या एका क्लॅम्पखाली फुगवटा दिसला. ब्लेडनं कापला तर साध्या पीव्हीसी चिकटपट्टीचे नुसते थरावर थर. आत तांब्याच्या तारा हातानं पिळलेल्या, हिरव्या-काळ्या पडलेल्या, तिन्ही जोड एकमेकांना चिकटून एकाच जागी. दाबल्यावर पाणी ओघळलं. फुगवट्याच्या वर नवी केबल, खाली आमचीच जुनी. मोटार वेगळी करून मेगर लावला तर ठणठणीत, आणि उघडून पाहिली तर आत कंपनीचीच जुनी वायंडिंग!

चिकटपट्टीचा गोंद पाण्यात टिकत नाही. त्यात पाण्याखाली दर दहा मीटरला साधारण एक किलोचा दाब वाढतो. जॉइंट चाळीस मीटर पाण्यात असेल तर चौरस सेंटिमीटरला चार किलो. एवढ्या दाबाला पाणी सुईएवढ्या फटीतूनही आत शिरतं.

वायरमननं नवा जॉइंट आमच्यासमोर मारला. तीन कोअर (केबलच्या आतल्या वायरी) कमी-जास्त लांबीला कापले, म्हणजे जोड शेजारी-शेजारी येत नाहीत. तांब्याचा फेरूल (दोन टोकं जोडणारी छोटी नळी) घालून क्रिम्पिंग टूलनं, म्हणजे दाबायच्या पकडीनं, दाबला. त्यावर रबर टेप ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, जुन्या इन्सुलेशनवर दोन्ही बाजूंना पुढं नेत गुंडाळली. पीव्हीसी पट्टी सगळ्यात शेवटी, नुसती वरून राखण म्हणून. आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीट श्रिंक नळीही चालते. तापवल्यावर दोन्ही टोकांना गोंद बाहेर आलेला दिसला पाहिजे. मग जॉइंट पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला, केबलचं टोक आणि पाणी यांच्यात ५०० व्होल्टचा मेगर लावला, आकडा पाहिला, तेव्हाच मोटार खाली. सोडून झाल्यावर पुन्हा एकदा मेगर. बादलीची तपासणी टाळणाऱ्याला मोटार सोडू देऊ नका, आणि नवी केबल सोडताना ती सलग आहे का हे उजेडात हातानं चाचपून बघा.

त्या दुरुस्तीवाल्याला फोन केला तर "लाइटीचा दाब कमी-जास्त होतोय तुमच्याकडं." नंतर फोन उचलणंच बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवलीय. जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. पैसे मोबाइलवरून दिलेले, त्याची नोंद आहे. कापलेला जॉइंट जपून ठेवलाय, आणि ती चिठ्ठीही. तिच्यावर त्याच्याच अक्षरात 'नवी केबल' लिहिलेलं आहे.