दहा रुपयांचा स्टॅम्प आणि दोन सोमवार: माहिती अधिकारात फाईल बघायला गेले त्याचा अनुभव

आधी खर्च सांगते, कारण सगळ्यात आधी तेच विचारतात. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तो मी शिवाजीनगर कोर्टाजवळच्या व्हेंडरकडून घेतला, अर्जाची झेरॉक्स, सिंहगड रोडवरून जायला-यायला बस, १८ पानांच्या प्रतींचे दोन रुपये पानाप्रमाणे ३६ रुपये आणि ऑफिसातून घेतलेल्या दोन हाफ डे. एवढ्यात मला आमच्या गल्लीच्या रस्त्याची अख्खी फाईल समोर टेबलावर ठेवून बघायला मिळाली. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाहीये, आणि तिथल्या माणसांशी माझं भांडणही नाही. हा रिव्ह्यू माहिती अधिकाराचा आहे, त्यातही फाईल अवलोकन म्हणून जी सोय आहे तिचा. ती फार कमी लोकांना माहिती आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झालं असं की २०२३ च्या शेवटी आमच्या गल्लीत काँक्रीट झालं. सगळे खूश, कारण त्याआधी पावसात चप्पल हातात घेऊन चालायची वेळ यायची. पण पहिल्याच पावसाळ्यात कडेची खडी उघडी पडायला लागली आणि ड्रेनेजच्या चेंबरभोवती चांगला वीतभर खोल खड्डा झाला. जुलै २०२४ मध्ये सासूबाई दूध आणायला गेल्या, त्या चेंबरच्या कडेला पाय मुरगळून पडल्या आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. बाहत्तर वर्षांचं माणूस, स्वतःची वेणी स्वतः घालणारं, त्यांना मी रोज भात कालवून भरवत होते आणि त्या प्रत्येक घासाला "तुला उशीर होतोय गं, जा तू" म्हणत होत्या. मला खड्ड्याचा राग आला तो त्या वेळी.

कार्यालयात गेले तर सांगितलं, मॅडम बजेट नाही, नवीन टेंडर निघेल तेव्हा बघू. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तेच, तिसऱ्यांदा गेले तर ज्यांनी सांगितलं होतं ते साहेबच बदलून गेलेले. नगरसेवकाकडे जावं तर नगरसेवक होते कुठे, पुणे महापालिकेची मार्च २०२२ ला मुदत संपली ती संपलीच, त्यानंतर जवळजवळ चार वर्षं सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. माजी नगरसेवकांना फोन केला तर ते म्हणाले ताई आता आमच्या सहीला किंमत नाही.

मग मी माहिती अधिकाराचा अर्ज केला आणि पहिला अर्ज चुकला. माझ्या अर्जात प्रश्न होते, रस्ता सहा महिन्यात का खराब झाला, जबाबदार कोण, दुरुस्ती कधी करणार. एकोणतीस दिवसांनी उत्तर आलं की प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. मला वाटलं मुद्दाम टाळतायत. पण आमच्या वरच्या मजल्यावरचे काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "अगं का आणि कधी विचारायचंच नाही. कायद्यात माहिती म्हणजे त्यांच्याकडे कागदावर जे आहे ते. तू कागद माग. आणि कागद मागण्यापेक्षा फाईल बघायला माग, कारण फाईलमध्ये काय काय असतं हे तुला माहितीच नाही, मग मागणार काय?"

हे वाक्य मला फार पटलं. कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे तिच्यात कामाची, कागदपत्रांची, अभिलेखांची पाहणी करणं येतं, टिपणं काढणं येतं, प्रती घेणं येतं, एवढंच काय साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही येतं, म्हणजे कायद्याने तुम्ही त्या काँक्रीटचा नमुना मागू शकता. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, तेव्हा लांबलचक गाऱ्हाणं लिहायला जागाच नाही. माझा दुसरा अर्ज चार ओळींचा होता, अमुक गल्लीतील काँक्रीटीकरणाच्या कामाची संपूर्ण नस्ती (म्हणजे फाईल), अंदाजपत्रक, कार्यादेश (वर्क ऑर्डर), मोजमाप पुस्तिका व देयकांसह (बिलांसह) अवलोकनासाठी मिळावी. जोडपत्र अ चा नमुना, म्हणजे अर्जाचा ठरलेला फॉर्म, वर स्टॅम्प चिकटवलेला, आवक विभागात देऊन पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका, शिक्का आणि तारीख नीट उमटलीय का ते तिथेच बघा. ३० दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून.

शिवाय सोमवारची सोय आहे. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना फाईली बघू द्यायच्या ही पद्धत पुण्यात बरीच वर्षं आहे आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि महापालिका, जिल्हा परिषदांना तशा सूचना दिल्या. माझ्या ओळखीच्या दहातल्या नऊ जणांना हे माहीत नव्हतं. ह्याची पाटी कुठल्या कार्यालयात दिसली तर मला नक्की सांगा, मला तरी दिसली नाही.

पहिल्या सोमवारी गेले तर फाईल ऑडिटला गेलीय म्हणाले. मी भांडले नाही, काकांनी शिकवल्याप्रमाणे तेच एका कागदावर लिहून द्या म्हटलं. लिहून द्या म्हटल्यावर आतून एक बाई आल्या आणि म्हणाल्या पुढच्या सोमवारी या, मी काढून ठेवते. आणि त्यांनी खरंच काढून ठेवली होती. त्यांचं नाव मला माहीत नाही पण त्या दिवशी त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पंखा लावून दिला आणि कुठलं पान म्हणजे काय ते दोनदा समजावून सांगितलं. अशी माणसं तिथे आहेत आणि त्यांच्या जिवावर ही सेवा चाललीय हे लिहिलंच पाहिजे. पहिला तास फुकट, पुढे दर पंधरा मिनिटाला पाच रुपये. माझं तासाभरात झालं.

फाईल म्हणजे एक जाडजूड पुठ्ठा, हिरव्या टॅगमध्ये ओवलेली पानं, कोपऱ्यात पेन्सिलने नंबर. डाव्या बाजूला टिपणी, म्हणजे कुणी काय लिहून कुणाकडे पाठवलं, खाली सह्यांची शिडी. उजव्या बाजूला पत्रव्यवहार. कार्यादेशाच्या अटी वाचत होते आणि त्यात सापडलं, दोष दायित्व कालावधी तीन वर्षे. मला अर्थ कळला नाही म्हणून त्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तीन वर्षांत काम खराब झालं तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं, आणि त्यासाठी त्याची अनामत आपल्याकडे जमा असते. मी ते पान परत वाचलं. तीन वर्षं. म्हणजे बजेटचा प्रश्नच नव्हता! चार महिने मला जे सांगत होते की पैसे नाहीत, त्या दुरुस्तीला पैसे लागणारच नव्हते, फक्त ठेकेदाराला एक पत्र लिहायचं होतं. सासूबाईंचा हात त्या न लिहिलेल्या पत्रापायी मोडला असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

मग मोजमाप पुस्तिका. बॉलपेनने लिहिलेले आकडे, लांबी, रुंदी, जाडी, गुणाकार. लांबी १८६ मीटर लिहिलेली. ते आकडे वहीत उतरवून आणले आणि रविवारी सकाळी सातला, गाड्या निघायच्या आत, मिस्त्रीकडून मोठा टेप आणून मी आणि माझ्या मुलाने गल्ली मोजली. दोनदा मोजली. १७१ भरली. हे मी आरोप म्हणून लिहीत नाहीये, कदाचित वळणावरचा तुकडा धरला असेल, कदाचित दुसऱ्या गल्लीचा बोळ यात घातला असेल. पण पंधरा मीटर काँक्रीट कुठे आहे हे मला विचारायचा हक्क आहे आणि मी विचारलंय.

रिझल्ट काय? कार्यादेशाच्या पानाची प्रत जोडून, पान क्रमांक लिहून एक साधं पत्र दिलं, गल्लीतल्या एकवीस जणांच्या सह्या. पाच आठवड्यांनी ठेकेदाराची माणसं आली, चेंबरभोवतीचं फोडून नवीन भरलं, कडेची खडीही बुजवली. काम चांगलं झालंय, पुढचा अख्खा पावसाळा टिकलं. पंधरा मीटरचं मात्र उत्तर नाही. त्यासाठी वेगळा अर्ज केला, ३० दिवसांत काही आलं नाही, २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं, सुनावणीत साहेब म्हणाले अभिलेख शोधून द्यावा, आणि तो अभिलेख अजून शोधतायत. आता दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे आहे आणि तिथे नंबर लागायला फार वेळ लागतो. ह्या सेवेचा सगळ्यात मोठा दोष हाच. माहिती दडवली किंवा उशीर केला तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड, तोही त्याच्या स्वतःच्या खिशातून, असं कायद्यात आहे. पण दंड लावायचा तो आयोगाने आणि आयोगापर्यंत पोचेपर्यंत माणूस दमतो.

आता थोडं राजकारणाचं, कारण मला ते ह्यापासून वेगळं काढता येत नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळपासून दिल्लीतल्या नेत्यांवरून भांडणं असतात, दोन सख्खे शेजारी त्यावरून बोलेनासे झालेत, आणि दोघेही रोज त्याच चेंबरला वळसा घालून गाडी काढत होते. पंतप्रधान कोण असावा ह्यावर मत असायलाच पाहिजे, माझंही आहे. पण त्या मताचा वापर मला पाच वर्षांतून एकदा करता येतो, आणि ही फाईल मला कुठल्याही सोमवारी मागता येते.

हा कायदा आपोआप मिळालेला नाही हेही लोक विसरलेत. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेच्या बायका-पुरुषांनी दुष्काळी कामांचे हजेरीपट दाखवा म्हणून मागणी केली, कारण मजुरी कमी मिळत होती आणि कागदावर भलतीच नावं होती. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस ते धरणं धरून बसले. हमारा पैसा, हमारा हिसाब ही त्यांची घोषणा. आपल्याकडे अण्णा हजारे त्यासाठी उपोषणाला बसले, राज्याचा कायदा केंद्राच्याही आधी आला. १२ ऑक्टोबर २००५ ला देशाचा कायदा लागू झाला त्या दिवशी पहिला अर्ज आपल्या पुण्यातच, एका पोलीस ठाण्यात दिला गेला. आणि जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टींचा भरदिवसा खून झाला, ते जमिनींचे गैरव्यवहार ह्याच कायद्याने बाहेर काढत होते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, प्रकरण मोठं असेल तर एकट्याने अर्ज करू नका, चार-पाच जणांनी तोच अर्ज वेगवेगळा करा.

आणि हा कायदा हळूहळू पातळ होतोय ह्याची मला खरंच काळजी वाटते. माहिती आयुक्तांची पाच वर्षांची ठरलेली मुदत २०१९ मध्ये काढून ती केंद्र सरकारच्या हातात दिली. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(जे), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारायचं कलम, बदललं, पूर्वी वैयक्तिक माहितीही व्यापक जनहित असेल तर त्याच कलमात मिळायची आणि जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं, ते गेलं. कलम ८(२) मधला जनहिताचा मुद्दा शिल्लक आहे म्हणतात, पण तो वापरायचा की नाही हे तोच अधिकारी ठरवणार. उद्या ठेकेदाराचं नाव, सही करणाऱ्या इंजिनिअरचं नाव वैयक्तिक म्हणून झाकून दिलं तर मी पत्र कुणाच्या नावाने लिहू? ह्याच्यावर एकाही प्रचारसभेत कुणी अवाक्षर काढलेलं मी ऐकलं नाही, कुठल्याच पक्षाच्या.

१५ जानेवारी २०२६ च्या महापालिकेच्या मतदानाआधी उमेदवार गल्लीत आले तेव्हा मी प्रत्येकाला एकच विचारलं, काम सुरू झालं की जागेवर पाटी लावाल का, रक्कम, ठेकेदार, लांबी-रुंदी आणि दोष दायित्व किती वर्षं. कलम ४ प्रमाणे अशी माहिती कुणी न मागता द्यायचीच आहे. तिघांनी हो म्हटलं आणि फोटो काढून गेले, एका मुलीने मात्र थांबून दोष दायित्व म्हणजे काय ते विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. प्रभागात चार मतं द्यायची असतात, त्यातलं एक मी तिला दिलं, पक्ष न बघता.

रेटिंग, पाचपैकी चार. फाईल अवलोकनाला पाच, अपिलाला दोन, सरासरी साडेतीन, त्या खुर्ची देणाऱ्या बाईंमुळे अर्धा वाढवून चार. मराठी वाचता येतं आणि दोन दुपारी काढता येतात अशा कुणालाही जमेल, वकील लागत नाही, एजंटला तर अजिबात पैसे देऊ नका. वही, पेन आणि चष्मा न्या. बरोबर कुणीतरी दुसरं असलं तर उत्तम, एकाने वाचायचं एकाने उतरवायचं.

येत्या सोमवारी मी मागच्या गल्लीतल्या दोघींबरोबर त्यांच्या पावसाळी गटाराच्या फाईलसाठी चाललेय. सासूबाई म्हणाल्यात मीही येते, हात आता बरा आहे, मी उतरवून घेईन.