अरेथा फ्रँकलिन: आधी १९६७चा अल्बम की १९७२चा?

अमेरिकन सोल गायिका अरेथा फ्रँकलिनला पहिल्यांदाच ऐकणाऱ्यासमोर दोन वाटा असतात. एक, १९६७चा 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू'. दुसरी, १९७२चा 'अमेझिंग ग्रेस'.

पहिल्यात 'रिस्पेक्ट' आहे. मूळ गाणं गायक ओटिस रेडिंगचं, पण अरेथाने ते असं काही आपलंसं केलं की आज ते तिच्याच नावाने ओळखलं जातं. अडीच मिनिटांत काम फत्ते! मागे तिच्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा, साथीला. याआधी कोलंबिया कंपनीत तिने कितीतरी वर्षं जॅझ आणि पॉप गायलं, पण तो आवाज तिथे बांधल्यासारखा वाटतो. पुढे अटलांटिक कंपनीत निर्माता जेरी वेक्सलरने तिला पियानोवर बसवलं आणि सूर मोकळा झाला.

तो सूर आला मात्र चर्चमधून. वडील सी. एल. फ्रँकलिन डेट्रॉइटचे नामवंत धर्मोपदेशक. त्यांच्याच चर्चमध्ये ती लहानपणापासून गायची. म्हणून चर्चच्या भक्तिगीतांचा 'अमेझिंग ग्रेस' मला अधिक जवळचा. जानेवारी १९७२मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये, सलग दोन रात्री, भाविकांसमोर ध्वनिमुद्रण झालं. सोबत भक्तिगीतांचे गायक जेम्स क्लीव्हलँड आणि त्यांचा गायकवृंद. शीर्षकगीत जवळपास अकरा मिनिटांचं. एकेक शब्द ती विलंबित ख्यालासारखा फुलवत नेते, आणि श्रोते मध्येच हाक देतात, तीही गाण्याचाच भाग होते.

घाईत असाल तर १९६७. तासदीड तास निवांत असेल, तर १९७२पासूनच सुरुवात करा.