ट्रोव्हवर पुण्याचा प्लेग शोधताना : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ हे ऑनलाइन दालन मी गेल्या पावसाळ्यापासून नेमानं वापरतोय, आणि तेही एकाच विषयासाठी : १८९६ नंतरचा मुंबई-पुण्याचा प्लेग. त्यासाठी थेट कॅनबेराचं ग्रंथालय कशाला, असं बरेच जण विचारतात. ऑस्ट्रेलिया १८७२ मध्ये समुद्राखालच्या तारेनं जावा-सिंगापूरमार्गे भारताशी आणि पुढे लंडनशी जोडला गेला. मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग ओळखला, त्यानंतर जहाजांतून ही साथ आपल्याकडे उतरेल ही धास्ती तिथल्या बंदरांनाही होती. त्यामुळे सिडनी-मेलबर्नच्या दैनिकांतच नव्हे, तर आडगावच्या साप्ताहिकांतही ‘बॉम्बे’ आणि ‘पूना’ भेटत राहतात.

वापरायला पैसे लागत नाहीत, नुसतं शोधून वाचायचं तर खातंही लागत नाही. १८०३ च्या ‘सिडनी गॅझेट’पासून हजाराहून अधिक वृत्तपत्रं आहेत. बहुतेकांचे अंक प्रताधिकारामुळे १९५४ पर्यंत येऊन थांबतात, पण माझ्या विषयाला ते पुरून उरतं. सगळ्यात मोठी सोय म्हणजे पान बातम्यांमध्ये कापलेलं आहे. शोध लागतो तो बातमीचा, अख्ख्या अंकाचा नाही. एका बाजूला यंत्रानं वाचलेला मजकूर, दुसऱ्या बाजूला मूळ पानाचं चित्र.

खरी कसोटी शोधाच्या चौकटीत काय लिहायचं, याची आहे. पुण्याच्या प्लेग कमिटीचा प्रमुख वॉल्टर रँड. त्याचं नाव नुसतं टाकलं की दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींचा पूर येतो, कारण तिथल्या खाणपट्ट्यालाही ‘रँड’च म्हणत आणि ऑस्ट्रेलियन वाचकाला खाणींच्या शेअरभावात भलताच रस होता. अशा वेळी, रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच रात्री मारला गेलेला लेफ्टनंट आयर्स्ट मदतीला येतो. त्याचं नाव दुर्मिळ, त्यामुळे निकाल थोडे आणि नेमके. दुसरा उपाय म्हणजे ‘रँड पूना’ हे दोन्ही शब्द एकाच अवतरणचिन्हात घालायचे आणि त्यापुढे नागमोडी रेघेचं चिन्ह (~) देऊन वीस असा आकडा लिहायचा. मग हे दोन शब्द एकमेकांच्या आसपास असलेल्याच बातम्या येतात. ही एक युक्ती कळल्यावर माझ्या कामाचा वेग पार बदलला. गाळण्यांतून (फिल्टरमधून) १८९७, मग जून आणि जुलै निवडायचे, जाहिराती वगळायच्या, आणि निकाल तारखेनुसार लावायचे. चापेकर हे आडनाव तर तेव्हाच्या इंग्रजीत जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी शोधावं. आपल्या आजच्या शब्दांनी विचारलं तर अर्काइव्ह गप्प बसतं. ‘महामारी’, ‘हत्या’ या आपल्या कल्पना बाजूला ठेवून १८९७ च्या उपसंपादकानं मथळा काय दिला असेल, हे आधी मनात आणावं लागतं.

बातमी सापडली की लगेच उतरवून न घेता पूर्ण पान उघडा, असं मी आग्रहानं सांगेन. २२ जून १८९७ हा व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाच्या समारंभाचा दिवस. गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाऊसमधला सोहळा आटोपून निघालेल्या गाड्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. त्या आठवड्याचे ऑस्ट्रेलियन अंकही रोषणाई, मिरवणुका आणि मानपत्रांनी ओसंडून वाहत होते, आणि त्यांच्याच मधोमध पुण्याहून आलेल्या तारेच्या चार ओळी. कापलेल्या बातमीत हा शेजार दिसत नाही. साम्राज्य त्या दिवशी स्वतःकडे कसं बघत होतं, हे मला पुस्तकांपेक्षा या पानांवर जास्त स्पष्ट दिसलं.

दुसरी काळजी पुनरावृत्तीची. एकच तार वीस वृत्तपत्रांत छापली जाई. निकालांचा आकडा फुगलेला दिसतो, पण साक्षीदार एकच असतो. मी आता आधी तारेचा मजकूर जुळवून बघतो, आणि सगळ्या प्रतींची एकच नोंद करतो. खरं सोनं असतं ते नंतर टपालबोटीनं आलेल्या लांब वृत्तान्तांत. म्हणून घटनेनंतरचे निदान दोन महिने तरी चाळायलाच हवेत. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘पेपर्स पास्ट’ही सोबत उघडं ठेवावं, तारेतली कुठली ओळ कुठे गाळली ते ताडून बघता येतं.

यंत्रानं केलेलं वाचन सदोष असतंच. मायक्रोफिल्म झिजलेली, शाई पसरलेली, अक्षरं बारीक. इंग्रजी शब्दांचं एकवेळ ठीक, मराठी नावांची मात्र दैना होते. इथेच ट्रोव्हची मला सर्वांत आवडलेली गोष्ट येते : वाचक स्वतः मजकूर दुरुस्त करू शकतो. पानाचं चित्र बघत ओळ नीट लिहायची, जतन करायची. पुढच्या माणसाला ती बातमी सापडते. स्वयंसेवकांनी अशा कोट्यवधी ओळी सुधारल्या आहेत. मीही पुणे, मांडवी, चापेकर, टिळक आलेल्या बातम्या दिसतील तशा दुरुस्त करतो. जुन्या मराठी वृत्तपत्रांची जी स्कॅन केलेली पानं माझ्या पाहण्यात आली, त्यांत शब्द शोधायची सोयच नव्हती, अंकामागून अंक उलटावे लागले. ‘केसरी’, ‘सुधारक’ यांच्यावर असं हजारो हातांचं काम व्हावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

कारण ट्रोव्हवर ऐकू येतो तो राज्यकर्त्यांचा आवाज. सोजीर, म्हणजे गोरे सैनिक, माजघरात, देवघरात शिरले, बायकांची तपासणी झाली, माणसं बळजबरीनं सेग्रिगेशनमध्ये, म्हणजे विलगीकरणात, नेली, हे ज्यांनी सोसलं त्यांचं म्हणणं या पानांत शोधून मिळणार नाही. ते मराठी कागदांतूनच घ्यावं लागतं. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय १८९७ वर लिहू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

हाफकिन हे नाव मात्र जरूर टाकून बघा. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवून त्यांनी १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. १९०० मध्ये प्लेग खरोखरच सिडनीत पोहोचला, १०३ माणसं दगावली, आणि तिथेही हाफकिनचीच लस वापरली गेली. तारीख बदलत नेली की मुंबईची साथ दूरदेशची बातमी न राहता त्यांची स्वतःची कशी होते, हे महिन्यागणिक वाचता येतं.

वारंवार वापरणार असाल तर खातं उघडून ‘लिस्ट’ करायला सुरुवात करा, आणि प्रत्येक बातमीचा कायमचा दुवा त्याच वेळी टिपून ठेवा. टिळकांच्या १९०८ च्या खटल्यावर काम करणाऱ्यांनी महिना जुलै ठेवावा, २२ तारखेच्या निकालापासून पुढे सरकावं, आणि टिळकांच्या नावाबरोबरच मुंबईच्या गिरण्यांचा संप हाही शोध वेगळा लावावा. संपाच्या तारांमध्ये टिळकांचं नाव असेलच असं नाही.