अंदमानात पाच दिवस असतील तर पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक की नील?

अंदमान ठरलं की पुढचा प्रश्न सगळ्यांचा सेम असतो, हॅवलॉक बेट करू का नील. पोर्ट ब्लेअरचा तर कोणी विचारच करत नाही, तिथे विमान उतरतं म्हणून एक रात्र टाकायची, सकाळी जेल उरकायचं आणि दुपारची बोट पकडायची. आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो तेव्हा हेच केलं. दुसऱ्यांदा आई-बाबांना घेऊन गेलो तेव्हा बरोब्बर उलटं केलं, आणि आता कोणी विचारलं तर मी म्हणतो की हॅवलॉक-नीलचं भांडण नंतर, पोर्ट ब्लेअरच्या दोन रात्री पक्क्या करा आणि उरलेल्या दिवसांत एकच बेट घ्या.

नावांचा घोळ आधी सांगून टाकतो. 2018 मधे हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, पोर्ट ब्लेअरसमोरच्या छोट्या रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, आणि 2024 मधे पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. बोलताना लोक सर्रास जुनीच नावं घेतात पण बोटीच्या तिकिटावर नवीन नाव दिसलं तर आपण भलत्याच बेटाला निघालो असं समजू नका.

आता सेल्युलर जेल. फोटोत ते एक मोठं पिवळट बांधकाम दिसतं आणि तेवढंच असेल असं वाटतं. खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, ती नकाशात आहे. मधे एक टेहळणीचा मनोरा आणि त्याच्यापासून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात लांबलचक इमारती, 1906 मधे काम पूर्ण झालं. प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांचं तोंड समोरच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहराच दिसायला नको. आज त्यातल्या तीनच इमारती उरल्यात. कोठडीत आत जाऊन उभे रहा आणि दाराची कडी बघा, ती दाराला नाहीये, बाहेरच्या बाजूला भिंतीत एक कोनाडा केलाय त्यात आहे, गजातून हात कितीही लांबवला तरी पोचणार नाही इतक्या अंतरावर. माझ्या बाबांनी चारदा हात घालून बघितला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आपल्याकडचे लोक सावरकरांची कोठडी बघायला तिसऱ्या मजल्यावर टोकापर्यंत जातातच, 1911 ते 1921 ते इथे होते आणि थोरले भाऊ बाबाराव त्यांच्या आधीपासून याच जेलमधे. पण तिथे फोटो काढून लगेच खाली येऊ नका, अंगणात कोलू म्हणजे तेलाचा घाणा ठेवलाय तो बघा, बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला 30 पौंड खोबरेल काढून घ्यायचे. उपोषणात जबरदस्तीने नळी घालताना गेलेल्या महावीर सिंग, मोहित मोइत्रांची नावं वाचा. यालाच तीन तास सहज जातात आणि संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो वेगळा. दुपारच्या बोटीवर डोळा ठेवून हे सगळं होत नाही, आमचं पहिल्या वेळी झालं नाही.

दुसऱ्या दिवशी रॉस. बोटीने दहा-पंधरा मिनिटं, बेट इतकं लहान की चालत फिरून होतं, आणि आईसारखे गुडघेवाले असतील तर बॅटरीची गाडी मिळते. हे इंग्रजांचं मुख्य ठाणं, चर्च, बेकरी, क्लब, पोहण्याचा तलाव, सगळा थाट, आणि समोर पाण्यापलीकडे काळं पाणी भोगणारे. 1941 चा भूकंप आला, पुढच्या वर्षी जपानी आले, आणि सगळं ओस पडलं. आता वड-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी त्या भिंती अशा आवळल्यात की वीट कुठे संपते आणि मूळ कुठे सुरू होतं कळत नाही, मधून हरणं फिरतात, मोर फिरतात. मला विचाराल तर अख्ख्या अंदमानात हे माझं सगळ्यात आवडतं ठिकाण, हॅवलॉकच्या राधानगर बीचपेक्षाही, बायको सहमत नाही.

वेळ उरला तर चॅथमची सॉ मिल करा, 1883 पासूनची आहे, लाकडाची आवड नसेल तर सोडा.

बरं, आता बेटं. हॅवलॉक मोठं आहे, नील त्याच्यापुढे पिटुकलं, आणि फरक नुसता आकाराचा नाही. हॅवलॉकला करायला खूप आहे, स्कूबा, एलिफंट बीचला स्नॉर्कलिंग, आणि राधानगर म्हणजे जुन्या नंबराप्रमाणे सात नंबर बीच, पश्चिमेला तोंड, पांढरी बारीक वाळू, पाठीमागे उंचच उंच झाडं. टाइम मासिकाने 2004 मधे त्याला आशियातला सर्वात छान बीच म्हटलं होतं आणि तेव्हापासून प्रत्येक ड्रायव्हर ते ऐकवतो. छान आहेच, प्रश्न नाही, पण सूर्यास्ताला गर्दी होते. आणि सूर्यास्त म्हणजे डिसेंबरात पाचच्या आसपास हां, घड्याळ आपलं आणि सूर्य पूर्वेचा, त्यामुळे साडेचारला निघू म्हणणारे अंधारात पोचतात. मगरीच्या सूचनेचे बोर्ड लावलेत तेही गंमत म्हणून लावलेले नाहीत, जिथे पोहू नका म्हणतात तिथे पोहू नका.

नीलला मात्र करायला फार काही नाही आणि तेच बरं वाटतं. भाजीचे मळे, केळी, सुपारी, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांनी वसवलेलं गाव, बीचची नावं पण लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर, आई त्यावरच खूश. सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त, भरतपूरला काचेच्या तळाची बोट. आणि तो दगडी नॅचरल ब्रिज, ज्याला तिथे हावडा ब्रिज म्हणतात, तो ओहोटीलाच बघायचा. आम्हाला गाडीवाल्याने त्याच्या सोयीने भर भरतीला नेलं, गुडघाभर पाणी, खाली धारदार मेलेलं प्रवाळ, आई काठावरच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ओहोटीची वेळ विचारून परत गेलो तर तिथेच खड्ड्याखड्ड्यात साचलेल्या पाण्यात समुद्रकाकड्या म्हणजे काकडीसारखे दिसणारे मऊ जीव, रंगीत ओठांचे शिंपले, एक खेकडा डोळे वर काढून आमच्याकडे बघतोय. पाठीमागे पट्टा असलेल्या चपला घाला, स्लीपर तिथे निसटतात.

तर माझा हिशोब असा, पाण्यात उतरणारे असाल, मित्रमंडळी असाल, स्कूबा करायचंच असेल तर हॅवलॉक, वयस्कर मंडळी किंवा अगदी लहान मुलं असतील आणि शांतता हवी असेल तर नील. दोन्ही करता येतात, लोक करतात, पण मग पाचपैकी मोठा वेळ जेटीवर सामान घेऊन रांगेत जातो.

स्कूबावाल्यांनी एक लक्षात ठेवायचं, डाइव्हनंतर निदान 18 तास विमानात बसायचं नाही, शरीरात विरघळलेला नायट्रोजन वर हवेचा दाब कमी झाला की त्रास देतो. म्हणूनच म्हणतो की बेट आधी करा, पोर्ट ब्लेअरच्या दोन रात्री शेवटी ठेवा. यात अजून एक फायदा, समुद्र खवळून बोट रद्द झाली तरी विमान चुकत नाही, आणि पावसाळ्यात बोटी रद्द होतात.

बाराटांग बेटाचं काय, असं विचाराल. चुनखडीच्या गुहा आणि खारफुटीतून बोट, छान आहे म्हणतात, पण पहाटे तीनला उठून ताफ्यात गाड्या जारवा आदिवासींच्या जंगलातून जाणार, फोटो काढायला बंदी, आणि तरी माना बाहेर काढून माणसं शोधणारे लोक सोबत. मी दोन्ही वेळा नाही गेलो, जाणार पण नाही.

बेटांवर रोख पैसे जवळ असू द्या, नेटवर्क गेलं की युपीआय पण गेलं. आणि शिंपले, प्रवाळाचे तुकडे पिशवीत टाकू नका, परतताना एअरपोर्टला बॅगा तपासतात, आमच्या पुढच्या काकांनी नातवासाठी गोळा केलेलं सगळं काउंटरवर एकेक करून काढून ठेवलं.